दाताची खूण

गड्डा उठला की होम मैदानावर
भोकं राहतात मागं,
तंबूच्या खुंट्यांची, पाळण्याच्या पायांची.
त्यांच्यातून वाट काढत मी चालतो.
हातात पुतण्यानं हैदराबादहून आणलेलं यंत्र,
कानावर हेडफोन,
कामाचा फक्त उजव्या बाजूचा.
डावा कान मागानं ठेवून घेतला,
एकतीस वर्षं चादरी विणून झाल्यावर
हिशेब पुरा करताना.

खिळा गुरगुरतो.
सोड्याचं बूच दोनदा ओरडतं, खोटं खोटं.
रुपया खणकन बोलतो, सावकारासारखा.
पण गोळ्यांच्या पाकिटाची चांदी
आणि सोनं,
ह्या दोघांचा आवाज एकच. मऊ. बोळक्या तोंडाचा.
म्हणून ज्याला सोनं पाहिजे
त्यानं कचरा सगळा उकरायचा.
हे मला कुणी सांगितलं नाही,
चारशे पाकिटांनी सांगितलं.

विड्या देऊन परत जाताना
बालामणी गाजुल उभी राहिली उन्हात.
"राजेशम अन्ना, माझं पुस्ते शोध.
अकरा गड्डे झाले.
पाळणा वर गेला आणि दोरा तुटला,
एक पदरात पडलं, एक गेलं."
कुठल्या बाजूला पडलं?
"खाली," म्हणाली.

माहेरचं होतं की सासरचं?
तेही तिला नक्की सांगता येईना,
दोन्ही एकाच सोनारानं घडवलेली.
नवरा होता तोवर उरलेल्या पुस्त्याशेजारी
ती हळकुंड बांधायची.
आता नवरा नाही, दोराही नाही.
मग कशाला पाहिजे,
हे मी विचारलं नाही.

तीच बोलली.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
दोन्ही हात विडीत गुंतलेले,
आणि श्रीनू छातीशी लोंबकळून
पुस्ते चावत बसायचा. दात येत होते.
पहिल्या दाताची खूण आहे त्याच्यावर,
तांदळाच्या कणीएवढी.

श्रीनू सुरतेला असतो. मागावरच.

नऊ दिवस मी पट्टे आखून चाललो,
बाणा टाकावा तसा, जाऊन येऊन, जाऊन येऊन.
पाळणा दर वर्षी जागा बदलतो,
त्यामुळं सगळं मैदानच पाळण्याखालचं.
पाकिटं. पाकिटं. एका बाहुलीचा तारेचा पाय.
दहाव्या दिवशी, वीतभर खाली,
पुस्ते.
बाटलीतल्या पाण्यानं धुतलं,
तर काल घातल्यासारखं.
मातीत राहून सोनं काही शिकत नाही.

तिनं नखानं चाचपलं.
उन्हात धरून फिरवलं.
मग इकडं तिकडं न बघता
सरळ दाताखाली घेतलं, हळूच,
आणि काढून माझ्या तळहातावर ठेवलं.
"माझं नाही."
मी म्हटलं, अकरा वर्षं झाली,
घासून गेली असेल खूण.
म्हटलं, ग्रॅम-दीड ग्रॅम भरेल,
किती हजार विड्या होतात, बघ.
म्हटलं, विचारणार कोण आहे?
"दुसरीचं आहे," म्हणाली.
"तीपण खालीच बघत चालत असेल कुठंतरी."

ते आता घरी कांडीच्या पोकळीत ठेवलंय,
वरून कापसाचा बोळा.
तीन बायका येऊन गेल्या. एकीचं बोरमाळेतलं,
एकीचं कानातलं. एकीचं काहीच हरवलं नव्हतं,
नुसती बघायला आलेली.

त्या दिवशी जाता जाता बालामणी म्हणाली,
"कसं वाजतं, मला ऐकव."
हेडफोन तिच्या अंबाड्यावर बसेना.
एका हातानं तो तिच्या कानाशी धरला,
दुसऱ्यानं यंत्र पुस्त्यावरून नेलं.
"एवढंच?"
एवढंच.
"श्रीनू फोन ठेवताना करतो तसं," म्हणाली.

पुढं चार पावलांवर परत तोच आवाज आला.
मी वाकायच्या आत खुरपं तिनं घेतलं,
बसून उकरलं.
पाकीट निघालं.
झटकून कमरेच्या पिशवीत टाकलं,
आणि उठताना
हातानंच खूण केली: पुढं.